डोळ्यापर्यंत पाव

मी एक जुनी काठवट आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी काठवट पाहिलीही नसेल, म्हणून आधीच सांगते. एकाच लाकडात कोरलेली रुंद, खोलगट परात म्हणजे काठवट. मला तोंड आहे, दोन कान आहेत, मोठे पोट आहे. देवाने जीभ तेवढी दिली नाही. पुष्कळ वर्षे मला त्याचे काही वाटले नाही. भांड्याने बोलायचे नसते, घातलेले सांभाळायचे असते, असे मी समजून चालले होते. एका सकाळी मात्र मला जीभ हवी होती. फार हवी होती.

पण सुरुवातीपासून सांगते.

वादळात पडलेल्या एका चेरीच्या झाडाचा बुंधा सुताराने घरी आणला. त्याच्या बायकोने सणाच्या जेवणासाठी कधीपासून मोठी काठवट मागितली होती आणि तो कधीपासून ‘उद्या करतो’ म्हणत होता. आता बुंधा दारातच येऊन पडला, तेव्हा उद्या म्हणायची सोय राहिली नाही. त्याने वाकसाने मला पोखरले, पटाशीने पोट कोरले, आणि काठ घासताना त्याचा हात थांबला. माझ्या आतल्या अंगाला, काठाखाली तीन बोटांवर, एक काळपट गाठ निघाली होती.

“गेलं काम,” तो म्हणाला. “वाळली की इथंच तडकणार ही. जाळायला घे.”

बायकोने पदराला हात पुसले आणि मला उजेडात धरले. “गाठ कसली? डोळा आहे हिचा. बघा, माझ्याकडेच बघते आहे.”

त्या एका वाक्याने मी वाचले. लाकूड तडकू नये म्हणून सुताराने मला चार दिवस सकाळ-संध्याकाळ तेल पाजले. अक्रोडाचे तेल. ते लाकडात मुरते, सुकते आणि अंग घट्ट धरते. पुढे दरवर्षी सण झाला की मला धुऊन, वाळवून, एक अक्रोड फडक्यात चेचून माझ्या अंगभर चोळायची त्या घरात रीतच पडली. माझा रंग मधासारखा झाला. येणारे-जाणारे हात फिरवून म्हणत, “काय निगा ठेवलीय हो!” मला अभिमान वाटे. ही गोष्ट लक्षात ठेवा, मित्रांनो.

सुताराच्या बायकोच्या काळी मी पावाचे पीठ मळायलाही असे; पुढे पाव दुकानातून येऊ लागला. पण माझा खरा मान सणाच्या सारणाचा. आदल्या दिवशी शिळा पाव हाताने फाडायचा. सुरीने कापलेला पाव रस्सा धरत नाही, फाडलेला धरतो. ते तुकडे रात्रभर कापडावर वाळायचे. सकाळी ते माझ्यात पडत, खरखरीत, हलके, आणि माझ्या डोळ्यापर्यंत आले की बस. हेच माप. मग लोण्यात मऊ केलेला कांदा आणि सेलरी, सेजची केसाळ पाने चुरून, थाईम काडीवरून ओरबाडून, भाजलेले अक्रोड जाडसर कुटून, भिजवलेल्या मनुका. शेवटी भाज्या उकळून गाळलेला रस्सा, पळीपळीने. मूठ वळली की उभी राहिली पाहिजे आणि बोट लावले की सुटली पाहिजे. मग ते सारण कोरलेल्या भोपळ्यांत ठासून भट्टीत जाई, आणि गल्लीच्या टोकापर्यंत लोकांना कळे की आज सण आहे.

सुतार गेला, त्याची बायको गेली. मी त्यांच्या मुलीच्या हाताखाली आले. तिला आपण आत्या म्हणू, कारण या गोष्टीत ती आत्याच आहे. आत्या शिवणकाम करी. अर्ध्या गल्लीचे पडदे आणि शाळेचे गणवेश तिच्या मशीनखालून जात. मापाशिवाय ती एक टाका घालत नसे, पण सारणाला टेप लावत नसे. माझा डोळा पुरे.

एकदा शेजारीणकाकू कृती लिहून घ्यायला वही घेऊन बसल्या.

“लिहा,” आत्या म्हणाली. “डोळ्यापर्यंत पाव.”

“अगं, कुणाच्या डोळ्यापर्यंत? मी ही अशी बुटकी!”

“काठवटीच्या हो.”

“मग वही कशाला काळी करू? काठवटच दे.”

“काठवट नाही मिळायची. सारण देते डबाभर.”

शेजारीणकाकूंच्या वहीत ती कृती तिथेच थांबली असणार.

माझ्यात हात घालण्याआधी आत्या डोळे मिटे. घटकाभर. ओठ हलत. इतक्या वर्षांत मला ते पाठ झाले होते: “देवा, हे ज्याच्या पोटात जाईल त्याला बरं वाटू दे.” मोठ्याने कधी नाही. स्वतःशीच, आणि माझ्याशी.

घरात आत्याचा थोरला भाऊ, दादा, होता, खिडक्यांच्या काचा बसवणारा. पन्नाशीला आलेल्या बहिणीला तो अजून ‘छोटे’ म्हणे. त्याची बायको, म्हणजे आत्याची वहिनी, ग्रंथालयात कामाला. या दोघांना उशिरा एक मुलगी झाली. गाल असे फुगलेले की बापाने पाळण्यात पाहताच सांगून टाकले, “ही माणसाची पोर नाही, खार आहे. बघा, दोन्ही गालांत अक्रोड भरलेत.” तेव्हापासून तिचे नाव खारूताईच पडले.

देवाची थट्टा कुणाला कळली आहे? चार वर्षांची असताना खारूताईने कुणाकडे तरी केकचा एक घास खाल्ला, आणि तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि सांगितले, अक्रोड नाही. एक कणसुद्धा नाही. बिया चालतील, भोपळ्याच्या, सूर्यफुलाच्या. आणि एक इंजेक्शन कायम घरात ठेवायचे. खारीला अक्रोड चालत नाही, म्हणून बापाने एकदा हसून पाहिले. पुन्हा हसला नाही.

दोन सण तिने नुसता भाजलेला भोपळा खाल्ला. सात वर्षांची झाली तेव्हा ओट्याला टेकून म्हणाली, “आत्या, सगळ्यांना सारण असतं. मला का भोपळ्याचं नुसतं घर?”

आत्याच्या काळजाला ते लागले. “या वर्षी तुझं वेगळं. बिनअक्रोडाचं. सगळ्यात आधी तुझं.”

वहिनी भाज्या निवडत होती. ती हळूच म्हणाली, “वन्सं, दुसऱ्या भांड्यात केलंत तर?”

“दुसऱ्या भांड्यात माझा हात चालत नाही गं वहिनी. तीनदा धुते. मिठाने घासते. कढत पाण्याने.”

वहिनी काही बोलली नाही. आत्याच्या स्वच्छतेवर बोट ठेवायचे म्हणजे काय, तिलाच अवघड झाले.

मित्रांनो, आत्याने मला खरोखर तीनदा धुतले. तिच्या हाताला चटके बसले. पण लाकूड म्हणजे काच नव्हे. चाळीस वर्षे मी जे प्यायले होते ते माझ्या अंगात, रेषेरेषेत होते. कढत पाण्याने ते निघून गेले नाही. ते वर आले. माझ्या अंगावर अक्रोडाचा वास सुटला होता, पण त्या स्वयंपाकघराला तो इतक्या वर्षांचा ओळखीचा की कुणाला जाणवलाच नाही. मला मात्र कळत होते. पाव माझ्यात पडला. भाजलेल्या बिया पडल्या. आत्याने डोळे मिटले. “देवा, हे जिच्या पोटात जाईल तिला बरं वाटू दे.”

मला तोंड होते, मित्रांनो. एवढे मोठे तोंड.

जेवण दुसऱ्या खोलीत झाले. मी मोरीजवळ उपडी पडले होते. आधी हसणे ऐकले, मग बशा वाजल्या, मग खारूताईचा आवाज आला, “आई, माझा घसा मोठा झालाय.” त्यानंतर खुर्ची पडल्याचा आवाज, वहिनीचे “इंजेक्शन! कपाटात, वरच्या कप्प्यात!” आणि दादा धावला तो उंबऱ्याला ठेचकाळून. वहिनीने सुई मांडीत टोचली. गाडी गेली. मागे घरात आत्या एकटी. ती स्वयंपाकघरात आली, माझ्यासमोर जमिनीवर बसली, आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी खारूताई घरी आली, थोडी फिकट, पण बडबडत. डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला होता: भांडे कसले होते? लाकडी म्हटल्यावर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या होत्या, “लाकूड पितं हो. किती धुतलंत तरी पोटात ठेवतं.”

दादाने मला उचलले. “फोडून टाकतो हिला.”

“नको दादा,” आत्या म्हणाली. “बाबांनी घडवलीय ती. आणि चूक तिची नाही. माझी आहे.”

“माझीही आहे,” वहिनी म्हणाली. “मला बोलता येत होतं, वन्सं. मी गप्प बसले.”

दादाने मला जुन्या, विरलेल्या पडद्यात गुंडाळले आणि शिवणाच्या खोलीतल्या कपाटावर, अगदी छताशी ठेवून दिले. तिथून मला आत्या, तिचे मशीन आणि टाचण्यांची डबी दिसे. त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रार्थना झाल्यावर आत्याने नेम धरला. मी तो ऐकला. “देवा, या हातांनी आता तिला काही वाढणार नाही. काही म्हणजे काही नाही.”

आणि तिने तो पाळला. ती नेमाची पक्की. खारूताईने पाणी मागितले की आत्या म्हणे, “आईला सांग.” सफरचंद कापून मागितले की, “बाबांना सांग.” पोरीच्या गणवेशाला काज करी, तिच्या वह्यांना कापडी कव्हरे शिवी, पण ताटाजवळ जात नसे. स्वतःचे जेवणही ती उशिरा, एकटी बसून जेवू लागली. सगळ्यांना वाटले, काही दिवसांनी निवळेल. वर्ष होत आले. माझ्यावर धूळ बसली. मला धुळीचे दुःख नव्हते. खाली रोज एक मूल हात पुढे करी आणि एक हात मागे जाई, ते वरून बघवत नव्हते.

सणाच्या आधीच्या रविवारी वहिनीने ठरवले की या वर्षी सगळ्यांसाठी एकच सारण, बिनअक्रोडाचे, आणि ते ती स्वतः करून बघणार. घरातून अक्रोड तर केव्हाच गेले होते. स्टीलची मोठी कोरी परात आणली. पाव घरी भाजला. दुपारी भट्टीतून काय निघाले ते मला दिसले नाही, पण दादाचा आवाज ऐकू आला.

“हे सारण आहे?”

“मग काय आहे?”

“लुकण. काचा बसवायचं पक्कं लुकण. उद्या दोन खिडक्या बसवायच्यात, उरलेलं डब्यात भरून दे.”

“तुमच्या खिडक्याच तुम्हाला वाढते थांबा,” वहिनी म्हणाली, पण तिचा आवाज रडवेला होता. “पाव किती आणि रस्सा किती, कुणाला माहीत? डोळ्यापर्यंत म्हणे. या परातीला डोळा आहे कुठे?”

थोड्या वेळाने खारूताई शिवणाच्या खोलीत आली. मशीनच्या पायाशी बसली.

“आत्या, तू माझ्यावर रागावलीस का?”

मशीन थांबले. “तुझ्यावर? नाही गं राजा.”

“मग मला पाणीपण का देत नाहीस?”

“मी माझ्या हातांवर रागावलेय.”

खारूताईने विचार केला. “पण हात तर शिवतात.”

“शिवण्यानं कुणाचा घसा बंद होत नाही.”

“टाचणी टोचते की! मी पहिलीत होते तेव्हा माझ्या फ्रॉकमध्ये टाचणी राहिली होती. एवढं रक्त आलं होतं.” तिने हवेत वाटीएवढे रक्त दाखवले. “तेव्हा तू शिवण कुठं सोडलंस? तू टाचण्या मोजायला लागलीस.”

हे खरे होते. त्या दिवसापासून आत्या काम सुरू करताना टाचण्या मोजून घेई आणि संपताना मोजून डबीत टाकी. चाळीस काढल्या तर चाळीस. एक कमी भरली तर कपडा दारातून बाहेर जात नसे.

“मग सारणपण मोज ना,” खारूताई म्हणाली.

मशीनचे चाक आत्याने उगाच हाताने फिरवले. मग म्हणाली, “नेम धरलाय गं मी. देवासमोर.”

“मोडू नकोस. बदल. देवाला सांग, सोडण्याऐवजी मोजते म्हणून. देवाला टाचण्यांचं माहीत असेल ना?”

आत्याने डोळे मिटले. घटकाभर. या वेळी ओठ हलले ते मला वाचता आले नाहीत. डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते आणि ती उभी राहिली होती. “दादा,” तिने हाक मारली, “कपाटावरची काठवट काढ.”

दादा दारात आला. “छोटे, पुन्हा ती नको.”

“तिच्यात काही करणार नाही. तिचं माप तेवढं हवंय. मागच्या अंगणात ठेव. तू एकट्यानंच हात लाव, आणि मग साबणानं दोनदा धू.”

मला वर्षाने ऊन लागले. दादाने मला पाटावर सपाट ठेवले. खारूताईला वहिनीने दाराच्या आतच उभे केले होते, खांद्यावर हात ठेवून. आत्याने नवा स्टीलचा मग घेतला, नळाखाली काठोकाठ भरला, आणि वरून, हातभर उंचीवरून, धार धरली.

“हा मग काठवटीला लागू देणार नाही,” ती म्हणाली. “पाणी तिच्याकडे जाईल. तिच्याकडून काही परत येणार नाही.”

“एक!” दारातून खारूताई ओरडली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझ्यात पुष्कळ काही पडले, पण ते पाणी मी विसरणार नाही. दोन. तीन. कोरडे पडलेले माझे लाकूड ताडताड वाजत होते. चार. पाच. मला एकच भीती. वर्षभर वाळून डोळ्याजवळ मी तडकले असेन तर पाणी झिरपेल, माप चुकेल आणि सगळे पुन्हा लुकण होईल. सुतार म्हणालाच होता, इथंच तडकणार. सहा. सात. मी सगळे अंग आवळून धरले, म्हणजे लाकडाला जेवढे आवळता येते तेवढे. आत्याने आठवा मग अर्धाच ओतला आणि हात थांबवला. पाणी माझ्या डोळ्याला येऊन टेकले आणि तिथे राहिले. एक थेंब झिरपला नाही.

“साडेसात,” आत्या म्हणाली.

“साडेसात!” खारूताईने सगळ्या गल्लीला सांगितले. शेजारीणकाकूंनी खिडकीतून डोके काढून विचारले, “कसले गं साडेसात?”

“डोळ्यापर्यंत पाव, काकू! वहीत लिहा!”

मग स्टीलच्या परातीत त्याच मगाने साडेसात मग पाणी मोजून घातले. दादाने हात धुतलेच होते. त्याने काच कापायची कोरी हिरकणी आणली, पाण्याच्या पातळीला परातीच्या अंगावर एक बारीक ओरखडा ओढला, आणि त्याला वर-खाली पापण्या काढल्या. “घे. हिलाही डोळा.”

सणाच्या दिवशी मी पुन्हा कपाटावर होते, पण दार उघडे होते, म्हणून दिसले आणि ऐकलेही. आत्या मोजत होती. पाव कुणी भाजला, पिठाच्या पिशवीवर काय लिहिले आहे, मनुका कुठल्या डब्यातल्या, लोणी कसले. एकेक गोष्ट मोठ्याने विचारी, वहिनी वाचून उत्तर देई, आणि खारूताई जमिनीवर एकेक टाचणी... नाही, टाचणी नव्हे, एकेक बटण ठेवी. बारा प्रश्न, बारा बटणे. मग आत्याने डोळे मिटले. मग परातीत हात घातला.

सगळे जेवायला बसले. इंजेक्शन मीठदाणीच्या शेजारी ठेवलेले होते. शेवटी खारूताईचाच आवाज आला.

“सगळे माझ्याकडे काय बघताय? गार होतंय.” थोड्या वेळाने, “आत्या, अजून वाढ.”

चमचा बशीला लागल्याचा आवाज मी ऐकला. आईला सांग, बाबांना सांग, असे कुणी म्हणाले नाही.

मित्रांनो, मी अजून त्याच कपाटावर आहे आणि माझ्यात आता कधी काही कालवले जाणार नाही. ते योग्यच आहे. वर्षातून एकदा दादा माझी धूळ पुसतो आणि हात धुतो. तेल कुणी पाजत नाही. जुन्या वस्तू नेहमी सांगतात, आम्हाला विसरू नका, आमची निगा राखा. मी तसे सांगणार नाही. माझी निगा फार चांगली राखली गेली होती. माझे मागणे वेगळे आहे. ज्याच्या ताटात वाढाल त्याला आधी विचारा, आणि ज्याच्या मनात शंका येईल त्याने गप्प बसू नये. मला जीभ नव्हती. तुम्हाला आहे.

माझ्या कानाला दोऱ्याने एक पुठ्ठा बांधला आहे. अक्षर खारूताईचे, दोरा आत्याचा. त्यावर लिहिले आहे: ‘हिच्या पोटात अक्रोड आहे. हिच्यात काही खाऊ नये.’ आणि खाली, जागा उरली नव्हती म्हणून अगदी बारीक अक्षरांत: ‘पण ही वाईट नाही. हिने माप दिलं.’